अपडेटनंतरची दुपार

दुपारी फोन आपोआप अपडेट झाला आणि मुक्ताची साखर दाखवणारं अ‍ॅप उघडेनासं झालं. माझी नऊ वर्षांची लेक दंडावर सेन्सर लावून शेजारीच झोपली होती. साखर उतरली की फोन वाजतो, त्याच भरवशावर आम्ही तिला निवांत झोपू देतो. मी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन बंद करून चालू केला. स्क्रीन पांढरीच. तिचं कपाळ घामेजलं होतं. उकाड्यानं की साखरेनं, कळेना. कपाटातून साखर मोजायचं जुनं यंत्र शोधलं आणि तिच्या बोटाला सुई टोचली.

“बाबा, झोपू दे ना,” ती कुरकुरली.

आकडा ठीक होता, पण तो त्या क्षणापुरताच. पुढच्या क्षणाचं कोण सांगणार? ती उठेपर्यंत मी तिचा श्वास ऐकत बसून राहिलो.