मोठीला प्लॅस्टर, धाकटीला पट्टा

माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा, दोघींचाही डावा दंड एकाच दिवशी, एकाच ओढ्याच्या काठावर मोडला. तेव्हापासून गावातल्या बाया आम्हाला जोडीच्या म्हणायला लागल्या. मला ते ऐकवत नसे. हात मोडेपर्यंत आमची जोडी होती, हे कबूल. त्यानंतर जे झालं त्याला जोडी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ऐंशी साल लागून एखाददुसरं वर्ष झालं असेल. आमचं घर घोटावड्याच्या अंगाला, थोडी भाताची खाचरं आणि बाकी शेरडं. खळ्यावरून पेंढा भरून बैलगाडी घरी येत होती आणि आम्ही दोघी जावा पेंढ्यावर बसलो होतो. ओढ्यात उतरताना उजवं चाक दगडावर चढलं, गाडी डावीकडं कलली आणि आम्ही दोघी एकाच बाजूला खाली गेलो. मी आधी, ती माझ्या मागून. उठायला गेले तर कोपराच्या वरचा हात भलतीकडंच वळलेला. ती शेजारी बसून आपला दंड धरून कण्हत होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो पोरीचा. माझी मुलगी तेव्हा भिंत धरून उभी राहायला शिकत होती, अंगावर पीत होती, आणि दिवसभर माझ्या डाव्या कडेवर असायची.

रात्र गावच्या हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या बांधून काढली. सकाळी बोटं फुगली, तसं धाकट्या भावजींनी आम्हा दोघींना एसटीत घालून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरीला घेऊन आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, बरोबर होत्या.

तिथला हाडांचा डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. व्हरांड्यात येऊन त्यानं आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. "दंडाचं हाड जुळवायच्या दोन रीती आहेत. एक जुनी, प्लॅस्टरची. दुसरी परदेशातून आलेली. तिच्यात दंडापुरतं प्लास्टिकचं कवच घालतात आणि कोपर मोकळं राहतं. यातली कुठली बरी, ते आम्ही इथे तपासून बघतोय. कुणाला काय द्यायचं ते आमच्या क्रमानं ठरतं. तुमची तयारी असेल तर वर्षभर मधून मधून यावं लागेल. नसेल तरी उपचार होतीलच."

आत्याबाई म्हणाल्या, "बघा की. दोगी हायेत, दोन्ही करून बघा." भाताचं नवं बियाणं एका खाचरात लावून बघावं, तसं त्यांनी आम्हाला देऊन टाकलं. आम्हीही मान हलवली.

आत बोलावलं तेव्हा माझी जाऊ दाराशी उभी होती. बाकावर जागा नव्हती म्हणून ती भिंतीला टेकून होती आणि दार तिच्या अगदी पुढ्यात होतं. तिनं पाऊल उचललं आणि आत्याबाईंनी तिच्या पदराला धरून मागं ओढलं. "मोठीला जाऊ दे आधी. रीत हाय का न्हाई?" आमच्या घरात हळदीकुंकू असो, पंगत असो, नाहीतर विहिरीवर पहिला पोहरा टाकायचा असो, मोठी आधी. जाऊ बाजूला झाली. मी ताठ मानेनं तिच्या पुढून आत गेले. मोडका हात गळ्यात असतानाही मला तो मान गोड लागला.

मला प्लॅस्टर मिळालं. काखेखालपासून मनगटापर्यंत, कोपर दुमडून पोटावर, आणि मनगटाजवळ बांधलेली पट्टी गळ्यात. ते जड असतं आणि जडच असायला हवं, कारण त्याच्या वजनानं हाड खाली ओढलं जाऊन सरळ होतं, असं डॉक्टर म्हणाला. म्हणून आडवं झोपायचं नाही, टेकून बसल्या बसल्या झोपायचं. जावेचा हात काही दिवस साधा बांधून झोळीत ठेवला होता, तोवर आमचं दुःख सारखंच होतं. पुढच्या खेपेला मात्र तिच्या दंडावर पांढरं प्लास्टिकचं कवच आलं. त्याला पट्टे होते, ओढले की चर्र आवाज करत सुटायचे आणि दाबले की चिकटायचे. कोपर मोकळं, मनगट मोकळं. डॉक्टर तिला म्हणाला, "कोपर हलवत राहा. दुखणार नाही इतपत कामही करा." मला म्हणाला, "तुम्ही बोटं हलवत राहा."

पोरीची जागा डाव्या कडेवर आणि प्लॅस्टरची जागाही तीच. मी पहिल्यांदा उजव्या हातानं तिला छातीशी घेतलं तेव्हा तिचं कपाळ प्लॅस्टरवर आपटलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिनं त्याच्याकडं बघूनच भोकाड पसरलं. बसून झोपायचं, तर रात्री तिला कुशीत घेऊन पाजणार कसं? दूध आटत गेलं. जाऊ शेरडाचं दूध कोमट करून, बोंडल्यात भरून, चोचीनं तिच्या तोंडात सोडायची. पोर गटागटा प्यायची. मग जाऊ दंडावरचा पट्टा चर्र करून सोडायची आणि परत चिकटवायची, आणि माझी पोर खदखदून हसायची. तो आवाज घरात झाला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझ्या जावेचं लग्न होऊन वर्षच झालं होतं, मूलबाळ नव्हतं. स्वभावानं गरीब. हेच तर माझं दुखणं होतं. ती खवट असती तर भांडून मोकळी झाले असते. पोर रडली की मी उठायच्या आत ती म्हणायची, "ताई, तुमी बसा. मी घेते." त्या 'मी घेते'ला मी दात खाऊन हो म्हणायची. महिना-दीड महिन्यात ती बसून भाकरी थापायला लागली. शेजारच्या बाया बघायला आल्या. "काय बाई धाकटीचा हात! मोडलाय असं वाटतंय तरी का?" मी कोपऱ्यात टेकून सगळं ऐकत होते. देवापुढं दिवा लावताना मी मागितलं, हिचं हाड वाकडं जुळू दे. मागितलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. माझी पोर तिच्या खांद्यावर झोपत होती.

एका खेपेला आम्ही पट्टी बदलायच्या खोलीबाहेर बसलो होतो. डॉक्टरच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी रोग्यांना रांगेत लावत होती. मी तिला सहज विचारलं, कुणाला काय द्यायचं ते कसं ठरवता? ती म्हणाली, "सोपं आहे. पहिला आला त्याला प्लॅस्टर, दुसऱ्याला कवच, तिसऱ्याला परत प्लॅस्टर. ज्या क्रमानं दारातून आत येतील तसं."

दारातून. माझ्या डोळ्यांपुढं ते दार आलं, जावेचं उचललेलं पाऊल आलं आणि आत्याबाईंनी धरलेला तो पदर आला. मान मला मिळाला आणि माझं लेकरू तिला. मी शेजारी बसलेल्या आत्याबाईंकडं बघितलं. त्या पान लावत होत्या. त्यांना बोलून काय उपयोग होता? मी तशीच उठले आणि डॉक्टरपुढं जाऊन उभी राहिले.

"माझं काडा आन् मलाबी तिच्यासारखं द्या," मी म्हणाले.

त्यानं क्ष-किरणाचा फोटो खिडकीशी धरून बघितला. "तुमची मर्जी असेल तर यातून नाव काढतो, जबरदस्ती नाही. पण तुमचं हाड आत्ता कुठे धरायला लागलंय. आज हलवलं तर पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला काय त्रास होतोय?"

"पोरगी माझ्याकडं येत न्हाई."

त्यानं फोटो खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, त्या कवचानंच बरं होतं असं मला ठाऊक असतं, तर मी दोघींनाही तेच दिलं असतं ना? ठाऊक नाही म्हणून तर तपासतोय."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळत होतं. त्यामुळं राग कुणावर काढायचा तेच कळेना. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि माझी पोर मागच्या बाकावर जावेच्या मांडीवर पट्ट्याशी खेळत होती.

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतला हात वाळून काठी झाला होता आणि कोपर सरळ होईना. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, वाकून तो लोंबता सोडून गोल फिरवायचा, असे व्यायाम होते. मी ते जीव तोडून केले. शेणानं सारवलेल्या भिंतीवर माझ्या बोटांनी वाट पाडली. दुखून डोळ्यांत पाणी यायचं, पण हात वर गेल्यावर पोरीला उचलेन, हे एकच डोक्यात होतं. भाकरी कुणी का थापेना. उचलायला गेले की पोर अंग ताठ करायची आणि सुटून पळायची. आता ती चालत होती. मी गूळ दाखवायची, ती गूळ घेऊन जावेच्या पदराआड जाऊन खायची.

वर्ष झाल्यावर शेवटची खेप होती. डॉक्टरनं दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. कोनमापक लावून कोपर मोजलं, हात डोक्यामागं न्यायला सांगितले, पाठीमागं बांधायला सांगितले. केस विंचरता येतात का, कळशी उचलता येते का, विचारलं. मग वाळूची एक पिशवी माझ्या डाव्या हातात दिली. मी ती उचलली, खांद्याच्या वर नेली आणि धरून ठेवली. जावेनंही तेच केलं. डॉक्टर आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला आणि खूश होऊन म्हणाला, "तुमच्या दोघींच्या हातांत आता मला काहीच फरक दिसत नाही. कुणाला काय दिलं होतं, हे मला कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

आत्याबाईंना आनंद झाला. "म्हंजे सारकंच की," त्या म्हणाल्या. सारखंच होणार होतं तर मधले महिने मला कोण परत देणार होतं, हे त्याला विचारावंसं वाटलं. पण त्याच्या तपासणीत तो प्रश्नच नव्हता.

निघायच्या वेळी पोर पेंगुळली होती आणि जावेच्या कडेवर होती. त्या दिवशी जावेला माझी दया आली असावी, किंवा तिला आधीपासून सगळं कळत असावं. तिनं पोरीला माझ्यासमोर धरलं. मी दोन्ही हात पुढं केले. डावा आता उजव्याइतकाच सरळ जात होता.

"जा गं," जाऊ पोरीला म्हणाली. "आईकडं जा."

पोरीनं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि सांगितलेलं ऐकलं. दोन्ही हात जावेच्या गळ्यात टाकून तिला घट्ट धरलं.