चंपाचं लग्न रीतसर लावा

शांतवन सरांनी माझी कादंबरी टेबलावर आपटली, तेव्हा कपातला चहा बशीत आला.

"पाळकसाहेब, चर्चचा पाळक असल्या गोष्टी लिहितो?"

मी सोलापुरात पाळक आहे. रविवारची उपासना चालवणं, बाप्तिस्मे, लग्नं, मयती हे माझं काम. उरल्या वेळात उजनीकाठच्या गावांवर कादंबऱ्या लिहितो. एसटी स्टँडवर बऱ्या खपतात. या नव्या कादंबरीत विधवा चंपा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकबरोबर पळून जाते. तेवढ्यासाठी कमिटीची अर्जंट मीटिंग होती. पाळकाला ठेवायचं की घालवायचं, ते कमिटी ठरवते. सर तिचे सेक्रेटरी.

मला घाम फुटला होता, पण वेगळ्याच कारणानं. आदल्या रविवारी रूथ भेटली होती. रूथ म्हणजे सरांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. उजनीकडचा दाविद तिला पसंत होता. तोही पाण्याच्या मोटारींचाच मेकॅनिक. सर मात्र विषयच काढू देत नव्हते.

"पाळकसाहेब, तुमचं पुस्तक वाचलं," रूथ म्हणाली. "आता आमी बी पळतो की."

"अगं, ती कादंबरी आहे!"

"व्हय, पण शेवट लई गोड हाय."

मीटिंग होईपर्यंत थांब, असं मी तिला कसंबसं पटवलं होतं.

"सर, तुमची हरकत चंपाच्या लग्नाला आहे का?" मी विचारलं.

"लग्नाला कशाला असेल? विधवेनं लग्न करू नये असं शास्त्रात कुठं आहे? हरकत पळून जाण्याला!"

"मग दुसऱ्या आवृत्तीत काय करू?"

"चर्चमध्ये रीतसर लग्न लावा. दीर पुढं होऊन लावतोय, असं दाखवा."

"दीर फार आडमुठा आहे, सर."

"मग शहाणा करा त्याला! लेखक तुम्हीच ना?"

कमिटीनं माना डोलावल्या. मीही डोलावली.

आमच्याकडे लग्न ठरलं की पाळक भर उपासनेत दोघांची नावं वाचतो. हरकत असेल त्यानं तेव्हाच सांगायचं. पुढच्या रविवारी मी रूथ आणि दाविदची नावं वाचली. सर ताडकन उभे राहिले. रूथनं मान खाली घातली नाही.

मागच्या बाकावरून कमिटीतल्या सलोमीबाई म्हणाल्या, "बोला सर. आडमुठे की शहाणे?"

मीटिंगमधलं बोलणं एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलं होतं; चर्चमध्ये हशा पिकला. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रूथकडे.

"हरकत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण मुलाचं घर मी स्वतः बघून येणार."

बघून आले. नळाला पाणी येत नाही म्हणून दाविदला झापून आले. लग्नात पंगतीत वाढायलाही तेच पुढं होते.

माझी नोकरी टिकली. दुसरी आवृत्तीही निघाली, पण तीत चंपा पळूनच जाते. प्रकाशक म्हणाला, "साहेब, पळते म्हणून तर खपते."

सर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. आता कमिटीला शब्द देण्याआधी मी प्रकाशकाला फोन करतो.