चौथ्या मजल्यावरच्या बाई

"लेकुरवाळ्यांनीच पुढे या गं ओटी भरायला," हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, आणि इकडे स्वयंपाकघरात माझ्या काकूने पदर दातात धरून पोटात सुई टोचली. डोहाळजेवण तिच्याच धाकट्या जावेचं होतं, पण इंजेक्शनची वेळ चुकवून चालत नाही.

स्वतःच्या ओव्हरीबद्दल काकूइतकं मोठ्याने बोलणारी बाई अख्ख्या पनवेलात दुसरी नसेल. तिची डावी बाजू आळशी आहे हे खांदा कॉलनीतल्या भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. हार्मोनची इंजेक्शनं बर्फाच्या पिशवीत घालून ती लग्नामुंजींना जाते आणि यजमानांच्या फ्रिजमध्ये श्रीखंडामागे बिनदिक्कत ठेवते. "ताई, हा कसला इसेन्स?" असं नेऱ्याच्या एका साखरपुड्यात आचाऱ्याने विचारलं, तर म्हणाली, "बाळाचा. अजून वास लागला नाही." मी शाळेत बायॉलॉजी इंग्रजीतून घोकली, तरी ओव्हरी मला समजली ती काकूकडूनच. "मेंदू म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या बाई, ओव्हरी म्हणजे खालचा वॉचमन. बाई ओरडतात, पंप लाव! टाकी भरली की खालून निरोप येतो आणि बाई गप्प बसतात. माझा वॉचमन गेलाय गावाला. मग बाई आणखी ओरडणार, नाही तर काय? रिपोर्टात आकडा वाढलाय ना, तो बाईंचा घसा!" एवढं सांगून ती खूप हसते. मग बाथरूममध्ये जाते आणि नळ बराच वेळ वाहत राहतो.

इंजेक्शनांची ही शेवटची खेप, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. माझी पाळी कित्येक महिने येत नव्हती म्हणून मीही गुपचूप त्याच डॉक्टरांकडे जाऊन आले होते. घरी माझ्यासाठी स्थळं बघत होते. मी कुणाला काही बोलले नव्हते.

सुई डब्यात टाकून काकू बाहेर आली, बायकांच्या रांगेत उभी राहिली. जावेच्या मावशींनी तांदूळ-नारळाचं ताट तिच्यासमोरून उचललं आणि पलीकडच्या बाईपुढे धरलं. "बरं झालं, हात दुखतच होता माझा," काकू म्हणाली आणि पुसलेलीच ताटं पुन्हा पुसायला लागली. अवघडलेपण घालवायला मावशी माझ्याकडे वळल्या. "आता पुढची ओटी हिची! वर्षात पाळणा हलला पाहिजे हं!"

सगळ्या हसल्या. नेहमीप्रमाणे मीही हसून मान खाली घालणार होते. एकटी काकू हसली नव्हती, हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत होती.

"काकू," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "माझाही वॉचमन गावाला गेलाय."