टाचणीबाईंचा फोटो

आमच्या हॉस्टेलच्या बाई कुणाचाही फोन उघडत. हातात घ्यायच्या, खिडकीच्या उजेडात तिरका धरायच्या आणि काचेवर उमटलेल्या बोटांच्या चिकट रेघा बघून कुलपाची आकृती जशीच्या तशी काढायच्या. यात आमचा हातभार मोठा होता. सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लेले हात धड न धुता आम्ही फोनवर तुटून पडायचो, मग रेघा ठळकच. "वासावरूनसुद्धा उघडेन गे तुमचे फोन," असं म्हणून बाई तो फोन उघडा करून आमच्या पुढ्यात टाकायच्या.

मी झरीहून तलासरीच्या कॉलेजात आले ते २०१५ साल. मुलींच्या हॉस्टेलवर या बाई रेक्टर होत्या. एकट्या, उंच, आणि पदराला कायम एक टाचणी खोचलेली. त्या टाचणीने त्या आमच्या फोनमधलं मेमरी कार्ड उचकटून काढायच्या, म्हणून आम्ही त्यांना टाचणीबाई म्हणायचो. जीभही तशीच होती. टोचली की रक्त येत नसे, पण ठसठस दोन दिवस राहायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी लाज काढली. जेवणं झाल्यावर सगळ्या मुलींना बसवलं, माझा फोन मागितला, उघडला आणि मी एका मुलाला पाठवलेले मेसेज मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "जेवलास का. जेवलास का. परत, जेवलास का. पोरगा आहे की म्हैस गे?" सगळं हॉस्टेल हसून लोटपोट. मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "रड, पोटभर रड. आज या पोरींसमोर रडलीस ते स्वस्तात पडलं. उद्या अख्ख्या तालुक्यासमोर रडशील तेव्हा डोळे पुसायला कुणी येणार नाही." मुलाचं नाव मात्र त्यांनी वाचलं नाही. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. तेव्हा मी फक्त त्या मरोत असं मनात म्हणत होते.

बाईंचा खरा राग होता तो तलासरी नाक्यावरच्या गाणी भरून देणाऱ्या दुकानावर. तेव्हा गावात नेटचं काही खरं नसायचं. कार्ड दुकानात द्यायचं, दुकानदार ते संगणकाला लावून गाणी भरून द्यायचा. कार्डात आपले फोटोही असतात आणि ते त्याच्या संगणकात उतरू शकतात, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. लग्नसराईत तर घरात ज्याचं कार्ड हाताला लागेल ते उचलून हळदीची गाणी भरायला पाठवायचे. आमच्या पाड्यांवर फोन एकट्याचा नसतोच. दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं, आणि फोनला कुलूप लावलं तर आई विचारणार, "काय लपवतेस गे बाय?"

म्हणून सुट्टीला घरी निघालो की बाई दारात उभ्या. टाचणीने कार्ड काढायचं, जिचं तिच्या नावाच्या चिठ्ठीत गुंडाळायचं आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचं. परत आलं की परत मिळणार. कुणी कुरकुर केली की ठरलेलं वाक्य यायचं, "उतरवलेली ताडी परत झाडावर चढत नाही. फोटोचंही तेच."

स्वतःचा फोटो तर त्यांनी कधीच काढू दिला नाही. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत मधली खुर्ची रिकामी असायची आणि बाई फोटोग्राफरच्या मागे उभ्या राहून आमच्या ओढण्या नीट करायला ओरडायच्या. चेहरा फोटोत येण्याजोगा नाही म्हणून येत नाहीत, असं आम्ही मुली म्हणायचो. मुलींइतकं दुष्ट जगात कुणी नसतं. एकदा हे त्यांच्या कानावर गेलं. "चेहरा कसाही असो, माझा आहे," एवढंच म्हणाल्या आणि त्या रात्रीची भाजी मुद्दाम खारट केली असा आमचा संशय आहे.

गंजाडची एक मुलगी माझ्या खोलीत होती. तिला आपण शेवंती म्हणू. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, लग्न ठरलं होतं. घरी चुलतभावाच्या हळदीला जाताना तिने एक कार्ड अंबाड्यात लपवून नेलं, आणि भावाने नेमकं तेच उचलून, तलासरीला बाजाराला आला तेव्हा याच दुकानात गाणी भरायला दिलं. त्यात डहाणूच्या समुद्रावरचा एक फोटो होता. जुना मित्र, त्याच्या खांद्यावर हिचं डोकं. एवढंच. पण ठरलेलं लग्न मोडायला एवढं पुरतं. दुकानदाराने निरोप पाठवला, दुकानात एकटी ये, नाहीतर फोटो तुझ्या सासरच्या गावात जाईल.

शेवंतीने फोन बंद करून ठेवला, त्यावरूनच बाईंनी ओळखलं. "ज्या पोरीचा फोन बंद, तिचा घसा आवळलाय कुणीतरी," म्हणाल्या. सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या थोबाडीत मारली. मग तिला जेवायला बसवलं आणि ताट संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मी म्हटलं, पोलिसात जाऊ. "तिथे आधी नाव सांगावं लागेल," बाई म्हणाल्या. "नाव बाहेर पडलं की फोटोची गरजच काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मला घेऊन त्या दुकानात गेल्या. गिऱ्हाइकं बरीच होती. दुकानदाराचा फोन काउंटरवर पडलेला. बाईंनी तो उचलला, उजेडात तिरका धरला आणि उघडला.

"ओ मावशी, काय करताय? ठेवा तो खाली!"

"का रे? तू पोरींची कार्डं उघडतोस तेव्हा कोण ओरडतं?"

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. माझी म्हैस काढली होती त्याच आवाजात, त्याच चवीने. कुठल्या पोरीला काय लिहिलं, कुणाला काय धमकी दिली, नावं तेवढी गाळून सगळं. गिऱ्हाइकं आधी हसली, मग आपापली कार्डं परत मागायला लागली. तो घामाघूम. बाईंनी संगणकातले फोटो त्याच्याच हाताने पुसायला लावले, फोनमधलं कार्ड टाचणीने काढलं आणि दाताखाली धरून त्याचे दोन तुकडे केले. म्हणाल्या, "अजून कुठे ठेवला असशील तर ठेव. मी आता रोज इथेच बसणार आहे." आणि खरंच बसल्या. रोज दुपारी दुकानाबाहेर स्टूल टाकून, मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत. कार्ड घेऊन येणाऱ्या बायकांना फक्त म्हणायच्या, "फोटो आहेत का त्यात? मग घरी जा." शेवंतीचा फोटो कुठेही गेला नाही. पुढे ठरल्याप्रमाणे तिचं लग्नही झालं.

पण स्टुलावर बसलेल्या बाईंचा फोटो कुणीतरी काढला. आयुष्यात पहिलाच. तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं, 'हॉस्टेलच्या मुलींचे फोटो दुकानात विकणारी बाई.' तलासरीपासून डहाणूपर्यंत एका दिवसात पोचला. दुकानदाराचंही डोकं चालतं हे तेव्हा कळलं.

आम्ही सुट्टीला घरी निघायच्या दिवशीच पालक जमले. बाईंच्या खोलीतून बिस्किटांचा डबा बाहेर आला, झाकण उघडलं, आणि आत ती सगळी कार्डं, चिठ्ठ्यांत गुंडाळलेली. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? कुणीतरी थुंकलं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"दुकानात कशाला जात होता ते तरी सांगा," संस्थेचे चिटणीस म्हणाले.

"एका मुलीसाठी."

"कोणच्या पोरीसाठी? नाव सांगा ना! नाव सांगायला काय होतंय?" सगळ्यात मोठ्याने ओरडत होता तो शेवंतीचा बाप. "खोटी हाय ही बाय! आमच्या पोरींचं वाटोळं केलं हिनं!"

मी उठून उभी राहिले. तोंड उघडणार, तोच बाई माझ्या अंगावर खेकसल्या, "बस खाली! तुला कुणी विचारलं?" मग त्या माणसाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "नाव माझं नाही, दादा. मी कसं देऊ?" तो माणूस त्यांच्या अंगावर धावून गेला, लोकांनी आवरला. मला आजही त्याचं तोंड आठवलं की हात शिवशिवतात.

बाईंना काढून टाकलं. स्टँडवर सोडायला मी एकटीच होते. मी रडत होते, त्यांनी माझा फोन हिसकावला, तिरका धरला आणि पहिल्या झटक्यात उघडला. "अजून तीच आकृती? इतकी वर्षं गाढवापुढे गीता वाचली मी." फोन माझ्या अंगावर टाकला आणि आशागडच्या आपल्या घरी निघून गेल्या. ती आकृती मी त्याच बाकावर बसून बदलली.

२०१९ मध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर मामाने एक फोटो टाकला. स्टूल, मांडीवर ताट, पदराला टाचणी. खाली आता नवी ओळ होती, 'मुलं पळवणाऱ्या टोळीतली बाई. दिसली तर सोडू नका.' मी मामाला फोन केला. तो म्हणाला, "मला काय माहीत? मला आला, मी पुढं पाठवला."

मी आशागडला गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नाक्यावर लोकांनी धरली तिला. डोक्याला टाके पडले. नंतर कुठं गेली, नाय सांगितलं कुणाला." आणि खात्री करून घ्यायला तिने आपला फोन माझ्यासमोर धरला. "हीच ना तुमची बाय?"

मी हो म्हटलं.

त्यांना नेटवर शोधणं अवघड नसेल. मी शोधत नाही. त्यांचं नाव इथे लिहिलेलं नाही, हॉस्टेलचंही नाही, आणि शेवंतीचं तर नाहीच. शेवंतीला आता मुलगी आहे. तिच्या बापाला अजून काही माहीत नाही. सणासुदीला भेटला की मला विचारतो, "त्या चोरट्या बाईचं पुढं काय झालं गे?"

मामाने पाठवलेला तो फोटो माझ्या फोनमध्ये बरेच दिवस होता. माझ्याकडे बाईंचा दुसरा एकही फोटो नव्हता. त्यात त्या तांदळातून खडा काढून बघत होत्या, कपाळावर आठी, अगदी आमच्या बाई. मी तो पुष्कळ वेळ पाहिला आणि मग पुसून टाकला. तो त्यांना विचारून काढलेला नव्हता.