मायच्या गाठी आणि अक्काची उष्णता

आमच्याकडे स्वतःची जमीन नव्हती. धुळ्याजवळच्या आमच्या गावात माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि पाळीच्या दिवसांत ठरलेली काळपट साडी नेसायची. ती साडी लांबून दिसली की सगळ्या बायांना कळायचं. बोलायचं मात्र कुणीच नाही. बांधावरचं बाभळीचं झुडूप आणि जुन्या कापडाच्या घड्या, एवढीच सोय.

मायला पाळीत रक्ताच्या गाठी पडायच्या. त्यावर घरचा इलाज अक्काचा, म्हणजे माझ्या आत्याचा. निदान कायम एकच, उष्णता. भरीत बंद, काळा मसाला बंद, शेवभाजी बंद. सब्जा भिजवून प्यायचा. ऐन हिवाळ्यात आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी भरीत हाणायचो आणि माय समोर बसून फिकी खिचडी गिळायची. गाठी तरीही पडतच. अक्का म्हणायची, "भरीतना वास लागना व्हई."

मी धुळ्याला बी.एस्सी. झाले, घरात पहिलीच. पदवी हातात आली की घरच्यांना शिकवायची खाज सुटते, तशी मलाही सुटली. पण काळजी खरीच होती. माय कापसाचं गाठोडं उचलताना धापा टाकायची, उठताना भिंत धरायची, नखं पांढरी पडलेली.

"माय, दवाखान्यात चल."

"इतला वरीस व्हई गयात, मरनू का मी?"

अक्का मध्ये पडली. "खराब रगत निंघस, निंघू दे. तू कालेजम्हा गई ते आते माले शिकाडशी का?"

"हो, शिकवणारच," मी म्हटलं.

त्याने काही कुणी हललं नाही. मग मी म्हटलं, "धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारू, भरीत चालेल का." माय साडी बदलायला उठली. आपलं निदान खोटं पडू नये म्हणून अक्काही एसटीत चढली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाठी केवढ्या पडतात?"

"बोराएवढ्या," माय पुटपुटली.

"गावरान बोर की ॲपल बोर?"

मायने नीट विचार केला. "पहिले गावरान. आते ॲपल."

"आणि कापडाची घडी किती वेळात भिजते?"

"कपाशीन्या दोन ओळी येचाले लागतस, तितलाम्हा."

"म्हणजे किती वेळ?"

"ओळ कितली लांब शे, त्यावर शे."

बाई हसल्या, पण लिहिताना गंभीर झाल्या. म्हणाल्या, रक्त भराभरा आलं की ते पातळ ठेवण्याचं शरीराचं काम मागे पडतं, मग ते आत साचून गोठतं. जास्त रक्ताच्या दिवशी एखाददुसरी लहान गाठ पडली तर घाबरायचं नाही. पण इंचभराहून मोठ्या गाठी वारंवार पडल्या, तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं, पाळी आठवड्याच्या पुढे गेली, चक्कर-धाप आली, तर घरी बसायचं नाही. दिवस गेले असतील किंवा पाळी कायमची बंद झाली असेल आणि रक्त दिसलं, तर थेंबभर असलं तरी यायचं.

"आन् उष्णता?" अक्काने शेवटचा प्रयत्न केला.

"उष्णता नाही हो अक्का. रक्त कमी झालंय. सोनोग्राफी करू."

"मंग भरीत?" मायने विचारलं. एवढ्या लांब ती त्यासाठीच आली होती.

"खा. मिरची माझ्यासाठी कमी घाला, मी येते."

अक्का परतीच्या एसटीत खिडकीशी बसली. पारोळ्याच्या गाडीने आम्हाला ओलांडलं, तेव्हा फक्त म्हणाली, "बाई हुशार शे. पन सब्जा पेवाले काय हरकत शे?"

सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी मांसल गाठ दिसली, कॅन्सरची नव्हे. रक्तस्राव आवरायच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या मायने एकही न चुकवता घेतल्या. सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. आमच्या घरात पाळीसाठी दवाखान्यात गेलेली ती पहिली बाई.