पहिल्या बक्षिसाचे पेढे
स्पिरिटचा वास आला की मला वालूरचं एक घर आठवतं. तिथल्या दोन भावांचे हातपाय वाढत्या वयाबरोबर दुबळे होत चालले होते. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून मी जनुकातला दोष शोधला आणि त्या कामाला संशोधन स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पेढे घेऊन सांगायला गेले, तर थोरला महिन्यापूर्वीच गेला होता. धाकटा बाजेवर पडून होता. “ताई, औषध घावलं का मग?” त्यांच्या आईनं विचारलं. “नाही. आजार कुठून येतो, तेवढंच कळलं.” “कुठून येतो?” मला खोटं बोलवेना. “आईकडून,” मी म्हणाले. “म्हंजी म्याच दिला,” ती एवढंच बोलली आणि धाकट्याचं तोंड पदरानं पुसत राहिली. आजही मी गावोगाव रक्ताचे नमुने घेत फिरते. औषध अजून नाही. आजार कुठून येतो, असं कुणा आईनं विचारलं, तर डॉक्टरांना विचारा, असं सांगून मी निघते.