मोकळं व्हा म्हणणारे सर

सदर या सुखवस्तू भागातले एक सर दर रविवारी आमच्या वस्तीतल्या पोरांना नाटक शिकवायला येत. मी पेटी वाजवायचो. बसण्याआधी ते सतरंजीवर स्वतःचा रुमाल अंथरत आणि डोळे मिटून म्हणत, "मोकळं व्हा, मनातलं बोला."

पोरांनी वस्तीतल्या कोरड्या नळावर नाटक बसवलं. प्रयोगाला नगरसेवक पाहुणे होते. नळाचा प्रवेश सुरू होताच सरांनी पडदा पाडायला लावला.

नाटकातली मुलगी विंगेत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, तुमीच मनातलं बोला म्हणत होते न? मंग पडदा काहून पाडला?"

"अगं, बोलायचंच, पण पाहुण्यांना रुचेल असं."

ती पडद्यापुढे गेली आणि सगळं बोलली. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. अवघडलेले नगरसेवकही वाजवू लागले, तसे सर धावत तिच्या शेजारी जाऊन म्हणाले, "पडद्याची कल्पना माझी."